खिंड ओलांडण्याआधी आम्ही रात्रीचं आकाश पाहिलं

खिंडीखालच्या कॅम्पवर पोचलो त्या रात्री आकाश ढगांनी भरलेलं होतं. पहाटे बाहेर पाऊल टाकलं तर बूट बर्फात घोट्याच्या वर रुतला. लीडर सरांनी तिथेच सांगितलं, "आज निघायचं नाही." दिवस वाया जाणार म्हणून कुरकुर झाली, पण मला त्यांचं पटलं. निरभ्र रात्री बर्फातली उष्णता आकाशात निघून जाते आणि वरचा थर कडक गोठतो, हवा शून्याच्या किंचित वर असली तरीसुद्धा. ढग असले की ती उष्णता अडते. मग सकाळचं ऊन पडतं ते आधीच भिजलेल्या बर्फावर.

तो दिवस आम्ही समोरचा उतार बघत काढला, आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त तेव्हाच शिकलो. ऊन चढलं तसे खडकांलगतचे बर्फाचे छोटे गोळे सुटून गडगडत, मोठे होत खाली येऊ लागले. हिमस्खलनाच्या धोक्याची ही पहिली खूण. दुपारी एका ठिकाणाहून ओला बर्फ सुटला आणि पंख्यासारखा पसरत घळीत उतरला. वेग फार नव्हता, पण वजन भयंकर! असा बर्फ थांबला की जागीच घट्ट बसतो. फावडं नसेल तर माणूस उकरून काढणं जवळपास अशक्य. वितळलेलं पाणी झिरपत जुन्या कडक थरापर्यंत किंवा गुळगुळीत कातळापर्यंत पोचलं, तर तिथली पकड सुटून वरचा सगळा थरच घसरू शकतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हा धोका सर्वाधिक.

पुढची रात्र चांदण्यांची होती. बर्फावर बुटाचा ठसासुद्धा उमटेना. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड देणारे लोखंडी काटे, बांधून अंधारातच निघालो, कारण चढ पूर्वेकडचा होता आणि त्यावर ऊन सगळ्यात आधी येणार होतं. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायला सिग्नल देणारे बीकन सगळ्यांचे चालू होते. घळ एकेकानं ओलांडली, बाकीचे आडोशाला उभे राहून त्याच्यावर नजर ठेवून. माथ्यावरचा बाहेर झुकलेला बर्फाचा कठडा टाळायला थोडा वळसा पडला. पश्चिमेकडचा उतार अजून सावलीत होता, तो झपाट्यानं उतरलो.

पाय दुखत होते, पण उताराच्या तळाशी सरांनी कुणाला बसू दिलं नाही. ओला बर्फ बहुतेक वेळा वरून आपोआप सुटतो, त्यावर कुणी पाय ठेवावा लागत नाही. पार पुढच्या सपाटीवर गेल्यावरच सॅक खाली ठेवल्या.