व्हीकोर वाढवून थकला असाल तर आधी जीटीएल रेफरन्सकडे बघा

इंटेलच्या कोअर टू काळातला जुना ७७५ सॉकेटचा मदरबोर्ड अजून जपून ठेवलेले आणि त्यावर कोअर टू क्वाड, म्हणजे चार कोअरचा प्रोसेसर, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त ताणायची (ओव्हरक्लॉक करायची) हौस असलेले जे कोणी आहेत, त्यांच्यासाठी ही पोस्ट. ड्युअल कोअरवाल्यांना यातलं निम्मंच लागेल, कारण खरा त्रास क्वाडला होतो, तो का होतो ते खाली येईलच.

नेहमीचं चित्र असं असतं. एफएसबी (प्रोसेसरला बाकीच्या बोर्डाशी जोडणाऱ्या बसचा क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये) ४०० पर्यंत मस्त चाललेलं असतं, मग ४२५, मग ४५० करायला जावं तर विंडोज सुरू होतं, ब्राउझर चालतो, गाणी वाजतात, पण प्राइम९५ या प्रोसेसरला गणितं घालून ताणणाऱ्या प्रोग्रामचा, रॅमलाही राबवणारा ब्लेंड टेस्ट लावला की काही वेळात एखादा वर्कर (एकेका कोअरवर चालणारं त्याचं काम) राउंडिंगची एरर देऊन बंद पडतो. मग काय, व्हीकोर (कोअरना मिळणारं व्होल्टेज) एक पायरी वर. परत तेच, परत एक पायरी वर. असं करत करत माणूस १.४ व्होल्टच्या जवळ जाऊन पोहोचतो, कूलर बोंबलायला लागतो, आणि वर्कर तरीही पडायचा तो पडतोच. मला मनापासून वाटतं की अशा वेळी आपण प्रोसेसरला फुकट छळतोय, कारण त्याला ताकद कमी पडतेच आहे असं नाही, त्याला येणारा सिग्नल नीट वाचता येत नाहीये. तराजूचा काटाच सरकलेला असेल तर पारड्यात अजून माल टाकून वजन बरोबर येत नाही, तसंच आहे हे.

तर हा काटा म्हणजे जीटीएल रेफरन्स. प्रोसेसर आणि नॉर्थब्रिज (बोर्डावरची, रॅम सांभाळणारी चिप) यांच्यामधली जी बस, म्हणजे तारांचा जुडगा, आहे ती जीटीएल प्लस नावाच्या पद्धतीने बोलते. मूळ जीटीएल म्हणजे गनिंग ट्रान्सीव्हर लॉजिक, झेरॉक्स पार्कमधल्या विल्यम गनिंग यांच्या नावावरून आलेलं, आणि इंटेलने त्याचं सुधारलेलं रूप १९९५ च्या पेंटियम प्रो पासून वापरलं. यात प्रत्येक तार टर्मिनेशन रेझिस्टरमधून व्हीटीटी या व्होल्टेजला बांधलेली असते, म्हणजे कोणी काही बोलत नसेल तर तार वरच असते, आणि बोलायचं असलं की चिप ती खाली खेचते. समोरची चिप तारेवरचं व्होल्टेज एका ठरलेल्या रेघेशी ताडून बघते, रेघेच्या वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य. ती रेघ म्हणजे जीटीएल रेफरन्स, बस इतकंच.

आता ही रेघ व्हीटीटीच्या बरोबर निम्म्यावर का नसते, ०.६३ पटीच्या आसपास का असते, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. चिप तार खाली खेचते तेव्हा ती शून्य व्होल्टपर्यंत जात नाही, कारण एकीकडे टर्मिनेशन तिला वर ओढत असतं. व्हीटीटीच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास ती थांबते. म्हणजे व्हीटीटी १.२ धरलं तर वरची पातळी १.२ आणि खालची समजा ०.३, या दोघांच्या मध्ये येतं ०.७५, आणि १.२ गुणिले ०.६३ केलं तर ०.७५६. जुळलं ना! म्हणजे ०.६३ हा आकडा कुठून आकाशातून पडलेला नाही, तो सिग्नलच्या झोक्याचा मध्य आहे. इंटेलच्या डेटाशीटप्रमाणे शून्य म्हणून खात्रीने ओळखायला सिग्नल रेघेच्या किमान १०० मिलिव्होल्ट खाली पाहिजे आणि एक म्हणून ओळखायला १०० मिलिव्होल्ट वर पाहिजे, मधला पट्टा म्हणजे बेभरवशाचा.

मग स्टॉकला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाला, सगळं बरोबर असेल तर ओव्हरक्लॉकला का बिघडतं? कारण वेळ कमी पडतो. ही बस क्वाड पंप्ड आहे, एका क्लॉकमध्ये चार वेळा डेटा जातो. क्यू९५५० या कोअर टू क्वाडचं स्टॉक एफएसबी ३३३, म्हणजे सेकंदाला १३३३ दशलक्ष ट्रान्सफर, एका बिटला साधारण ०.७५ नॅनोसेकंद. एफएसबी ४५० केलं की १८००, आणि बिटला उरतात जेमतेम ०.५५ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात सिग्नल पूर्ण खाली जाऊन स्थिरावायच्या आत त्याला परत वर यावं लागतं, आधीच्या बिटची थरथर पुढच्या बिटमध्ये मिसळते, शेजारच्या तारांचा गोंगाट येतो, आणि झोक्याचा खरा मध्य स्टॉकला होता तिथून थोडा सरकतो. रेघ मात्र तिथेच. वरून बघितलं तर दोन्ही बाजूंना चारशेच्या वर मिलिव्होल्टची जागा आहे असं वाटतं, मग १५-२० मिलिव्होल्टने असा काय फरक पडणार, पण एक लक्षात घ्या, सिग्नल तिरका चढतो-उतरतो, त्यामुळे रेघ वर-खाली झाली की सिग्नल ती ओलांडतो ती वेळही पुढेमागे होते, चढताना एका बाजूला आणि उतरताना उलट्या बाजूला. ०.५५ नॅनोसेकंदाच्या खिडकीत हे पुढेमागे होणं महागात पडतं.

आणि क्वाडला जास्त त्रास का? कोअर टू क्वाड म्हणजे एका पॅकेजमध्ये शेजारी शेजारी बसवलेले दोन ड्युअल कोअर डाय (सिलिकॉनचे तुकडे). क्यू६६०० असो की क्यू९५५०, गोष्ट तीच. दोन्ही डाय आणि नॉर्थब्रिज असे तिघं एकाच बसवर, आणि त्या दोन डायना आपापसात बोलायलाही दुसरा रस्ता नाही, तेही याच बसवरून. तारेवर एक टोक वाढलं की सिग्नलची चिरफाड जास्त होते. शिवाय दोन डाय सारखे नसतात, एकाला रेघ थोडी वर हवी असते तर दुसऱ्याला जिथे आहे तिथेच बरी असते. म्हणून तर चांगल्या बोर्डांवर जीटीएलच्या वेगवेगळ्या सेटिंग दिलेल्या असतात, असूसच्या पी५क्यू डिलक्ससारख्या बोर्डावर ०/२ आणि १/३ अशा जोड्या दिसतात आणि नॉर्थब्रिजचा रेफरन्स वेगळा, गिगाबाइटच्या पी४५ वाल्या बोर्डांवर सीपीयू टर्मिनेशन, सीपीयू रेफरन्स, एमसीएच (म्हणजे नॉर्थब्रिजच) रेफरन्स अशी नावं दिसतात. कुठे सेटिंग पटीत असते, कुठे सरळ व्होल्टमध्ये, कुठे अधिक-उणे मिलिव्होल्टमध्ये. यात फार लोक गोंधळतात. सरळ व्होल्टमध्ये असेल तर व्हीटीटी वाढवल्यावर रेघ आपोआप वर जात नाही, तुम्हाला ती स्वतः परत मोजून टाकावी लागते. पटीत असेल तर ती व्हीटीटीबरोबर सरकते. उदाहरणार्थ व्हीटीटी १.३ आणि ०.६३ पट म्हणजे ८१९ मिलिव्होल्ट, त्यात २० मिळवले तर ८३९, म्हणजे पट झाली साधारण ०.६४५. हे गणित कागदावर शेजारी मांडून ठेवा, नाहीतर दोन रीबूटनंतर आपण नेमके कुठे आहोत तेच कळत नाही.

आता मी कसं करतो ते सांगतो. पहिलं काम, कोअरला या भानगडीतून बाहेर काढायचं. क्यू९५५० चा मल्टिप्लायर (एफएसबीला ज्याने गुणून कोअरचा वेग येतो तो आकडा) ८.५ आहे, तो खाली आणून ६ करायचा आणि एफएसबी मात्र ४५० च ठेवायचं. ४५० गुणिले ६ म्हणजे २७०० मेगाहर्ट्झ, स्टॉकच्या २८३३ पेक्षाही कमी, त्यामुळे स्टॉक व्हीकोरवर कोअर पडायचं काही कारणच उरत नाही. रॅम १:१ वर, म्हणजे एफएसबीच्याच क्लॉकवर, टायमिंग सैल, परफॉर्मन्स लेव्हल म्हणजे टीआरडी (रॅममधून वाचताना नॉर्थब्रिज किती क्लॉक थांबतो तो आकडा) एक-दोन आकडे वर, आणि रॅम आधी मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामवर वेगळी तपासून घेतलेली. एवढं करूनही ब्लेंड पडला तर तो दोष बसचा किंवा नॉर्थब्रिजचा, तिथे व्हीकोरला हात लावायचा प्रश्नच येत नाही. मला विचाराल तर या सगळ्या धंद्यात ही एकच पायरी सगळ्यात मोलाची आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात.

टेस्ट निवडतानाही जरा विचार करा. प्राइमचा स्मॉल एफएफटी हा दुसरा टेस्ट कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतच मावतो, तो कोअर आणि तापमान तपासायला उत्तम, पण बसला तो फारसा हात लावत नाही. म्हणून स्मॉल एफएफटी तासन् तास चालला आणि ब्लेंड लगेच पडला तर ती खूण बसकडे बोट दाखवते. उलट असेल, म्हणजे स्मॉल एफएफटीच पडत असेल, किंवा १०१ नंबरची ब्लू स्क्रीन वरचेवर येत असेल, तर बहुतेक वेळा खरंच व्हीकोर कमी असतो, तिथे जीटीएलशी खेळून काही हाती लागत नाही.

अजून एक बघायचं, कोणता वर्कर पडतो. विंडोजमध्ये क्वाडचे पहिले दोन कोअर सहसा एका डायवर आणि पुढचे दोन दुसऱ्या डायवर असतात, खात्री करायची असेल तर सिसइंटर्नल्सचं कोअरइन्फो हे छोटं टूल चालवून कोणते कोअर एल२ कॅश वाटून घेतात ते बघा. दर वेळी एकाच डायचे वर्कर पडत असतील तर तुम्हाला हवी ती बातमी मिळाली, त्या डायचा रेफरन्स हलवायचा आणि दुसऱ्याला अजिबात हात लावायचा नाही. कोणत्या सेटिंगने कोणता डाय हलतो हे मेनूतल्या नावावरून ठरवू नका, एकच सेटिंग मुद्दाम जास्त सरकवा आणि कोण आधी पडतं ते बघा, बोर्ड स्वतःच उत्तर देतो. कधी हे कधी ते असं कुठलेही वर्कर पडत असतील किंवा सगळं एकदम गोठत असेल तर आधी नॉर्थब्रिजचं व्होल्टेज, टीआरडी आणि एमसीएच रेफरन्स यांच्याकडे बघा.

आता मुख्य काम. व्हीटीटी ज्याच्यावर बूट होतं आणि टेस्ट थोडा वेळ तरी चालतो अशा कमीत कमी जागेवर बांधून ठेवा. व्हीटीटी वाढवलं की झोका मोठा होतो, सिग्नल वाचायला सोपा जातो हे खरं, पण क्यू९५५० सारख्या ४५ नॅनोमीटरच्या चिपला ते सोसत नाही, मी १.४ च्या खाली राहतो आणि शक्यतो १.३ ओलांडत नाही. मग रेफरन्स ५ किंवा १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी वर न्यायचा आणि प्रत्येक पायरीला ब्लेंड किती वेळ टिकला ते लिहायचं. साधारण असं दिसतं की शून्यावर थोड्या मिनिटांत पडतो, अधिक १० वर बराच वेळ टिकतो, २० वर पडतच नाही, ३० वरही पडत नाही, ४० वर परत पडायला लागतो. बहुतेक लोक २० वर चाललं की खूश होऊन थांबतात, आणि मग खोली गरम झाली किंवा पहाटे थंड मशीन चालू केलं की परत तक्रार. म्हणून वरचा काठही शोधायचाच. १५ पासून ३५ पर्यंत चालतंय असं दिसलं तर २५ ला बसायचं. खालच्या बाजूलाही जाऊन बघायचं, कारण काही चिपना, विशेषतः ६५ नॅनोमीटरच्या क्यू६६०० पैकी काहींना, रेघ उलट खाली आवडते, आधीच ठरवून बसू नका.

खिडकी फारच अरुंद निघाली, समजा एकाच पायरीवर चालतं आणि आजूबाजूला दोन्हीकडे पडतं, तर ते एफएसबी त्या बोर्ड-चिपच्या जोडीला झेपत नाहीये असं समजून ५-१० मेगाहर्ट्झ खाली या. ४४० वर रुंद खिडकी असलेलं मशीन मला ४५० वर काठावर उभ्या असलेल्या मशीनपेक्षा केव्हाही आवडेल, ८.५ ने गुणलं तर फरक आहे फक्त ८५ मेगाहर्ट्झचा, आणि त्यापायी रात्रभर चालवलेलं एखादं रेंडर सकाळी खराब निघालेलं कोणाला परवडतं?

क्लॉक स्क्यू या बायोसमधल्या सेटिंगबद्दल विचारणारे नेहमी असतात, म्हणून थोडक्यात. ते वेळ सरकवतं, रेफरन्स पातळी सरकवतो, दोन्ही एकदम हलवू नका. पीएलएल (क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटचं व्होल्टेज) १.५ वर राहू द्या. स्प्रेड स्पेक्ट्रम, म्हणजे क्लॉक मुद्दाम किंचित हलवत ठेवणारी सेटिंग, बंद.

बस स्थिर झाली की मगच मल्टिप्लायर परत ८.५ वर न्यायचा, आणि आता व्हीकोर वाढवायला मोकळीक आहे कारण आता पडलं तर ते कोअरमुळेच. बहुतेक वेळा आधीपेक्षा बऱ्यापैकी कमी व्हीकोर पुरतो, कारण आधी जो वाढवलेला होता त्यातला काही भाग बसचा दोष झाकायलाच चालला होता. इथे ४५ नॅनोमीटरसाठी इंटेलच्या व्हीआयडीची (चिप स्वतः मागते त्या व्होल्टेजची) वरची मर्यादा १.३६२५ आहे हे डोक्यात ठेवा. लोड लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्हीकोर खाली येऊ न देणारी सेटिंग) मी बंदच ठेवतो, लोड सुटताना व्होल्टेज वर उसळी मारतं ते मला लोडखालच्या त्या थोड्या ड्रूपपेक्षा, म्हणजे घसरणीपेक्षा, जास्त खटकतं.

२००८ च्या शेवटी कोअर आय७ आला, मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच गेला, नॉर्थब्रिजशी क्यूपीआय या नव्या जोडणीने बोलणं सुरू झालं, आणि त्याबरोबर जीटीएलचे मेनूही गेले. पण रेघ कुठे गेली नाही. डीडीआर३ मध्ये १.५ व्होल्टच्या निम्म्यावर ०.७५ चा व्हीरेफ, म्हणजे अशीच रेघ, असतोच, डीडीआर४ पासून डेटाचा रेफरन्स रॅम चिपच्या आतच तयार होतो आणि बूट होताना ट्रेनिंगमध्ये मशीन स्वतःच तो वर-खाली करून दोन्ही काठ शोधतं आणि मधली जागा पकडते. आपण हाताने वही घेऊन जे करत होतो तेच, फक्त आता ते काही सेकंदांत होतं. म्हणूनच नव्या बोर्डावर मेमरी कधी एका बूटला स्टेबल आणि पुढच्या बूटला अनस्टेबल अशी वागली तर तिथेही आधी व्होल्टेज न वाढवता ट्रेनिंग परत करवून बघा.

जाता जाता, बायोस अपडेट करण्याआधी जीटीएलचे सगळे आकडे कागदावर उतरवून ठेवा, सेव्ह केलेली प्रोफाइल अपडेटमध्ये पुसली जाऊ शकते. आणि नव्या बायोसमध्ये ऑटोचा अर्थ बदललेला असू शकतो, म्हणून जुने आकडे डोळे मिटून परत टाकू नका, दोन्ही काठांवर एकेकदा ब्लेंड चालवून मगच विश्वास ठेवा.