तीन बॅटऱ्या घेऊन बंगलोरला

नातवाची मुंज ठरली आणि घरात चर्चा सुरू झाली, आईला विमान झेपेल का? आईला कुणी विचारलं नाही.

मला आयएलडी आहे, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार. गॅलरीतली कबुतरांची घाण वर्षानुवर्षं झाडली, ती फुप्फुसांना भोवली असं डॉक्टर म्हणतात. बसल्या जागी ऑक्सिजन ९२, स्वयंपाकघरापर्यंत गेले की ८५. विमानातली हवा ८,००० फुटांवरच्याइतकी विरळ होऊ शकते, असं त्यांनी समजावलं. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे चालताना धापा टाकणारी मी खुर्चीत बसून कळसूबाईच्याही वर!

घरचा ऑक्सिजनचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं बॅटरीवरचं यंत्र, चालतो. खांद्याला अडकवायचा, अडीच किलोचा. भाड्याने आणला. डॉक्टरांनी विमान कंपनीचा मेडिफ फॉर्म, म्हणजे आजारी प्रवाशाच्या तब्येतीची माहिती, भरून दिला : यंत्र बसून २ नंबरवर, लागलं तर ३. बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या हव्यात. ह्यांनी हिशेब मांडला, उड्डाण दीड तासाचं, एक बॅटरी चार तास चालते, झालं की. मी तीन घ्यायला लावल्या. सुट्या दोन हातातल्या पिशवीत, टोकांना चिकटपट्टी लावून. त्या चेक-इनच्या सामानात टाकायच्या नसतात. "वारीला निघालीस का?" हे म्हणाले.

सिक्युरिटीला यंत्र पट्ट्यावर ठेवायला सांगितलं. नाकातली नळी काढली, व्हीलचेअरमध्ये बसून बोटावरचा ऑक्सिमीटर बघत राहिले. ९१. ८९. ८७. तिथल्या मुलीने ते स्वतः उचलून आणून दिलं, देव तिचं भलं करो.

मग विमान दोन तास लेट. पहिली बॅटरी गेटवरच संपली. ह्यांनी दुसरी काढून दिली, हिशेबाबद्दल चकार शब्द नाही.

वर गेल्यावर ८८ झाला, ३ नंबर केला, ९१ वर आला. जरा डोळा लागला तर यंत्र कोकलायला लागलं! नाकाने श्वास ओढला की तेवढ्यापुरताच ते ऑक्सिजन सोडतं, फुस्स, फुस्स. आणि मी तोंड उघडं टाकून घोरत होते. शेजारचा मुलगा दचकून एअर होस्टेसला बोलवायला निघाला होता.

बंगलोरचा विमानतळ गावापासून लांब, त्यात तिथलं ट्रॅफिक. हेब्बाळच्या पुलावर दुसरीही संपली. टॅक्सीच्या अंधारात ह्यांनी चाचपडत तिसरीची चिकटपट्टी सोलली.