वोईतली खोली

केनियात नैरोबीहून मोंबासाला जाणाऱ्या रस्त्याचे दोन हिस्से संपले आणि एक उरला की वोई येतं. हमरस्ता, दोन रेल्वे (एक इंग्रजांची जुनी, एक चिन्यांनी बांधलेली नवी), ट्रक थांबायच्या जागा, भाजीबाजार, मशिदी, चर्चं, आणि गावाला लगटून त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यान. 1948 साली जाहीर झालेलं हे जंगल तेरा हजार चौरस किलोमीटरांच्या वर आहे. आपला ताडोबा प्रकल्प बफरसकट धरला तरी त्यात सात वेळा सहज मावेल. लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती ही तिथली खासियत. पर्यटक वोईच्या फाटकातून आत शिरतात, आतल्या लॉजमध्ये राहतात, आणि गाव त्यांना गाडीच्या काचेतून दिसेल तेवढंच. आम्हाला राहायचंय ते गावात. कारण साधं आहे. आतल्या लॉजचे दर डॉलरमध्ये असतात आणि आमचं पेन्शन रुपयांत.

हे ठरल्यापासून आमच्याकडे संध्याकाळी मालिका बंद आणि वोई चालू आहे.

केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा काढून टाकला. ही बातमी वाचून आम्ही हरखलो होतो, पण व्हिसाच्या जागी ईटीए नावाचा ऑनलाइन परवाना आला, त्याचे पैसे आहेत आणि त्याच्या अर्जाला मुक्कामाच्या आरक्षणाचा कागद जोडावा लागतो. गंमत इथून सुरू होते. डॉलरवाला लॉज कागद मिनिटात पाठवतो, वर शिक्का, खाली सही. वोईच्या बाजारातलं तीन मजली हॉटेल असल्या भानगडीत पडत नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कारिबू साना’ (या, या, स्वागत आहे) म्हणतं आणि अंगठा दाखवतं. आता हा अंगठा अर्जात कुठे जोडायचा?

मोंबासाला माझा भाचा नोकरी करतो. तो म्हणाला, “मावशी, पहिल्या रात्रीपुरतं नैरोबीतलं काहीतरी वेबसाइटवरून बुक कर, कागद मिळेल. वोईचं मी बघतो. पण तू तिथे राहणार कशाला? माझ्याकडे ये, एका दिवसात जंगल करून परत जाता येईल.” एका दिवसात जंगल ‘करणारी’ माणसं वेगळी. आमच्या ह्यांना तर जंगलापेक्षा स्टेशनात जास्त रस आहे. हे रेल्वेतून निवृत्त झालेत.

अशा गावात राहायच्या जागा तीन तऱ्हेच्या असतात. पहिली, ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ अशी पाटी लावलेली. मधे चौक, भोवती खोल्या, टोकाला सगळ्यांची मिळून न्हाणीघरं, आणि बऱ्याचदा खालच्या मजल्यावर बार. यातल्या काही ठिकाणी खोली तासावर मिळते. तिथे सामान घेऊन उतरलेलं साठीचं जोडपं पाहून व्यवस्थापकच गोंधळात पडायचा. तिसरी तऱ्हा म्हणजे पर्यटकांसाठी बांधलेली, गवताचं छप्पर आणि पोहण्याचा तलाव असलेली. तिच्याबद्दल पेन्शनच्या संदर्भात वर बोलून झालं आहे. आमची जागा मधली. खोल्या ‘सेल्फ कंटेन्ड’, म्हणजे संडास-बाथरूम आतच. एक जेवणघर, मागे गाड्या लावायला आवार, फाटकावर आस्कारी म्हणजे पहारेकरी, आणि काही झालं तरी एक कॉन्फरन्स हॉल.

हा हॉल पाहून दचकायचं नाही. केनियातल्या छोट्या गावातलं हॉटेल पर्यटकांवर जगत नाही. ते जगतं प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकांवर, जिल्ह्याच्या बैठकीला आलेल्या अधिकाऱ्यांवर, संस्थांच्या कार्यशाळांवर, फिरत्या विक्रेत्यांवर, कुणाच्या लग्नामर्तिकाला आलेल्या नातेवाइकांवर. सकाळी दहाला हॉलबाहेर मोठ्या थर्मासात दुधाचा चहा, मंडाझी (तळलेले गोडसर पाव) आणि उकडलेली रताळी मांडलेली असतात. माझ्या मते असं हॉटेल निवडण्यातच शहाणपण आहे. जिथे सरकारी माणूस भत्त्यावर उतरतो तिथे दर भत्त्याच्या बेताचा असतो. शिवाय पुढच्या महिन्यात तोच माणूस परत येणार असतो, त्यामुळे चादरी धुतलेल्या असतात. पर्यटक पुन्हा येत नाही, हे पर्यटकी हॉटेलांना पक्कं ठाऊक असतं.

आणखी एक. केनियात जंगलाच्या प्रवेशाला आणि बड्या लॉजना दोन दर असतात, देशातल्या माणसाला एक, परदेशी पाहुण्याला दुसरा, चढा. गावातल्या या हॉटेलांत ही विभागणी नाही. मोंबासाचा व्यापारी आणि पुण्याची मी, दोघांना तीच खोली त्याच पैशांत. परदेशात असं सरळ वागवलेलं मला आवडतं.

अभिप्राय वाचण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यात मी एक रीत बसवली आहे: आधी तक्रार कुणाची ते बघायचं, मग तक्रार. एका युरोपीय पाहुण्याने लिहिलं होतं, ‘शॉवर चालत नाही, बादलीत गरम पाणी आणून देतात.’ त्याने दोन तारे दिले होते. मी ते हॉटेल ताबडतोब वहीत उतरवून घेतलं. बादलीभर कढत पाणी दारात आणून देणारं हॉटेल! महाबळेश्वरला यासाठी आम्ही वेगळे पैसे मोजलेत. दुसऱ्याची तक्रार होती की पहाटे मशिदीच्या भोंग्याने आणि कोंबड्यांनी जाग येते. ते चालेल, आम्ही तेव्हा उठलेलेच असतो. पण एकाने लिहिलं होतं, ‘फार मजा आली, खाली संगीत पहाटेपर्यंत’ आणि पाच तारे. ते हॉटेल मी काट मारून बाद केलं.

शॉवर चालत असेल तर तोही एक विषय आहे. तिकडे पुष्कळ ठिकाणी शॉवरच्या तोंडातच पाणी तापवायची वीजपट्टी बसवलेली असते आणि तिच्यात भिंतीतून वायर गेलेली असते. आंघोळीआधी कोरड्या हाताने बटण लावायचं, मग पाणी सोडायचं, आणि ओल्या हाताने वरच्या डब्याला अजिबात शिवायचं नाही. सगळं धड असलं तर पाणी छान येतं. हे म्हणाले, “बादलीच बरी.”

शेवटी यादीत दोन हॉटेलं उरली. त्यातल्या एका हॉटेलच्या बाईंशी भाच्याने आमचं व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं घालून दिलं. मी प्रश्न आधीच लिहून काढले होते. नळाला पाणी दिवसभर असतं का, की टाकीतून? मच्छरदाणी आहे का, आणि ती पलंगाच्या चारी बाजूंनी खाली गादीत खोचता येते का? (सुईदोरा मी नेणारच आहे. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून झालंय, पण भोक असलेल्या मच्छरदाणीवर गोळीचा उतारा नसतो.) खोली रस्त्याकडे की मागे? मोंबासा बंदरातून निघालेले ट्रक रात्रभर त्या रस्त्यावरून नैरोबी आणि पुढे युगांडाकडे जात असतात, तेव्हा मागची हवी. जेवणघरात टीव्ही आहे का, आणि शनिवारी इंग्लंडातला फुटबॉलचा सामना असला तर तो किती वाजेपर्यंत बघतात? यावर बाई बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, ते आर्सेनल जिंकतं की हरतं त्यावर आहे.”

खोली कधी सोडायची हे विचारताना भाच्याने मला मधेच थांबवलं. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. पूर्वी आपल्याकडे घटका मोजत तशाच. सकाळी सात म्हणजे पहिला तास. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य बारा महिने साधारण त्याच वेळेला उगवतो, म्हणून हा हिशेब तिकडे सुखाने चालतो. तेव्हा कुणी स्वाहिलीत ‘चारला खोली सोडा’ म्हणालं तर दुपारच्या चहापर्यंत लोळत पडायचं नाही; सकाळचे दहा म्हणजेच चार.

आता पैसे. खोलीचा दर न्याहारीसकट एकीकडे अठराशे शिलिंग, दुसरीकडे बावीसशे. शिलिंगचे साधारण दोन तृतीयांश केले की रुपये येतात, म्हणजे बाराशे आणि पंधराशेच्या आत. या फरकावर आमच्याकडे जी चर्चा झाली ती लोकसभेत व्हायला हवी होती. बावीसशेवाल्यांकडे अंडी दोन की एक, अठराशेवाल्यांकडे पंखा छताला की टेबलावर. आणि ही चर्चा चालू असतानाच जंगलात फिरवणाऱ्या जीपचा दिवसाचा आकडा आला, त्यापाठोपाठ उद्यानाच्या प्रवेशाचा, तोही परदेशी माणसासाठी डॉलरमध्ये आणि रोख न चालणारा. दोन्ही मिळून खोलीच्या कित्येक पट. हे म्हणाले, “ठीक आहे, तेवढं असणारच.” आणि परत अंड्यांवर आले.

मला वाटतं हे आपल्या पिढीचंच आहे. विमानाचं तिकीट, जीप, फाटकावरची पावती, इथे आपलं कुणी ऐकणार नसतं, म्हणून मुकाट्याने देऊन टाकतो. खोलीचं तसं नाही. तिथे पलीकडे एक बाई आहे, ती हसते, तिला विचारता येतं. जिथे बोलायला माणूस आहे तिथेच आपली काटकसर फुलते. त्यातून वाचतात दोनअडीचशे रुपये, पण त्या निमित्ताने मला वोईतल्या दोन स्वयंपाकघरांत सकाळी काय शिजतं ते कळलं. दुपारी न्देंगू मिळतात, म्हणजे आपले मूगच, रश्शाचे, आणि बरोबर पदर सुटलेल्या चपात्या. सुकुमा नावाची पालेभाजी, उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, कांदा-टोमॅटोची काचुंबरी. शाकाहारी माणूस वोईत उपाशी मरणार नाही, उलट न्देंगूच्या जोरावर वजन वाढवून येईल.

ह्यांचा मुद्दा स्टेशनाचा. जुनी युगांडा रेल्वे 1896 ते 1901 या काळात बांधली गेली ती हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांहून जास्त मजुरांच्या हातांनी; त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच गेले. रूळही आपल्या मीटर गेजचे. पुढे त्या मार्गावरच्या स्टेशनांतून किती तरी गोव्याची माणसं स्टेशनमास्तर आणि कारकून म्हणून बसली. वोईहून नैरोबीच्या बाजूला त्सावो नदीवरच्या पुलाचं काम 1898 मध्ये दोन सिंहांनी थांबवलं होतं. मजूर तंबूत झोपायचे, भोवती काटेरी झुडपांचं कुंपण, आणि सिंह त्यातूनही आत येऊन माणूस ओढून न्यायचे. पंखा छताला की टेबलावर हा वाद मी त्यानंतर आवरता घेतला. नवी रेल्वे 2017 पासून धावते, रुंद रुळांची. तिची नैरोबीहून सकाळी सुटणारी, थांबत जाणारी गाडी आम्हाला हवी आहे, कारण जलद गाडी वोईला थांबत नाही. नैरोबीच्या स्टेशनात चढण्याआधी सगळ्यांचं सामान ओळीने जमिनीवर मांडायचं असतं आणि कुत्री ते हुंगून जातात. माझ्या पिशवीत मेतकूट आहे. कुत्र्याचं त्यावर काय मत पडतं ते बघायला हे उत्सुक आहेत.

त्या पिशवीचाही प्रश्न होता. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि दंड जबरदस्त आहे. चिवडा, मेतकूट, भडंग आपण कशात नेतो ते सर्वांना माहीत आहे. सगळं स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत हलवलं. राष्ट्रीय उद्यानांत तर 2020 पासून एकदा वापरून टाकायची पाण्याची प्लास्टिकची बाटलीही चालत नाही, म्हणून फडताळातून जुना तांब्याचा फिरकीचा तांब्या खाली काढला. पिवळ्या तापाची लसही टोचून घेतली. ती निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. त्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवायचं. केनियातून परतताना ते नसेल तर आपलंच सरकार मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं, आणि तिथे न्याहारीत अंडी किती हे विचारायची सोय नाही.

हॉटेलला आगाऊ पैसे एम-पेसाने हवे होते. केनियात 2007 साली सुरू झालेली ही मोबाइलवरची पैशांची सोय आता भाजीवालीपासून मटाटूच्या (म्हणजे खाजगी मिनीबसच्या) कंडक्टरपर्यंत सगळ्यांकडे आहे, पण तिला तिकडचा नंबर लागतो. भाच्याने भरले. स्टेशन गावापासून थोडं लांब आहे, तेव्हा तिथून टुकटुक, म्हणजे आपली रिक्षा, करायची. बोडाबोडा म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी स्वस्त पडते, त्यात पुष्कळ गाड्या पुण्याच्या बजाजच्या बॉक्सर असतात, आणि हे त्या अभिमानापोटी मागे बसायला तयारही झाले होते. मी डब्यांच्या पिशव्या दाखवल्या.

बावीसशेवाली खोली घेतली. बाईंनी दोन हजार केले. दुसरा मजला, मागची बाजू, छताला पंखा, अंडी दोन. आर्सेनलचा सामना त्या शनिवारी आहे की नाही ते बघून कळवते, असं त्यांनी आपणहून सांगितलंय.