ब्रायटनच्या टेकडीवरची छत्री

मे महिन्यात बाबा आमच्याकडे लंडनला आले होते. संग्रहालयं, राजवाडे बघून झाल्यावर म्हणाले, "आता एकदा समुद्र दाखव." लंडनकरांचा हक्काचा समुद्र म्हणजे ब्रायटन. रेल्वेने तासाभराचा रस्ता, आणि स्टेशनाबाहेर पडलं की उतार संपतो तिथे थेट पाणी.

किनाऱ्यावर वाळू नाही. कृष्णेच्या पात्रातले वाटावेत असे गुळगुळीत गोटे, आणि लाट मागे सरली की त्यांचा खळखळाट. मी याआधी तीनदा इथे येऊन गेले होते. पिअरवर फेरी, चिप्स, रॉयल पॅव्हेलियन या जुन्या राजवाड्यासमोर फोटो की परत. या वेळी मात्र बाबांसाठी थोडं वाचून आले होते, आणि वाचलं ते मनातून जात नव्हतं.

समुद्रासमोरच्या क्वीन्स हॉटेलपाशी आम्ही थांबलो. दोनशे वर्षांपूर्वी या जागी शेख दीन महंमद नावाच्या गृहस्थाचं स्नानगृह होतं. जन्म १७५९ चा, पाटण्याचा. कंपनीच्या फौजेत राहून पुढे आयर्लंडला गेलेला. १७९४ मध्ये त्याने आपलं प्रवासवर्णन इंग्रजीत छापलं. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारा तो पहिला भारतीय. १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्तानी खाणावळ काढली, ती फार चालली नाही. मग ब्रायटनला येऊन त्याने वाफेचं स्नान आणि अंग रगडून देण्याचा व्यवसाय मांडला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्याला नेमणूक दिली. त्याची पदवी होती 'शाम्पूइंग सर्जन'. आपली चंपी आणि बाटलीतला शाम्पू एकाच मुळाचे, आणि तेव्हा त्या शब्दाचा अर्थ केस धुणं नव्हे, मालिश असा होता. बाबांनी त्या हॉटेलकडे बराच वेळ बघितलं. "एवढ्या लांब येऊन पाय रोवले म्हणजे माणूस खंबीर," म्हणाले. १८५१ मध्ये तो इथेच वारला. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे.

किनाऱ्यालगत धावणाऱ्या व्होल्कच्या छोट्या विजेच्या गाडीतही बसलो. १८८३ पासूनची ती गाडी आहे, आणि आजही चालू असलेली जगातली सर्वांत जुनी विजेची रेल्वे.

मग पॅव्हेलियन. बाहेरून घुमट आणि मिनार, आत शिरलं की चिनी ड्रॅगन. ज्या युवराजाने, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जने, तो बांधवला आणि ज्या जॉन नॅशने आराखडा केला, त्या दोघांनीही हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. बाबांना मात्र झुंबरांपेक्षा १९१४ च्या खोल्यांचे जुने फोटो धरून ठेवत होते. त्या डिसेंबरात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी शिपाई इथे आणले गेले आणि राजवाड्याचं इस्पितळ झालं. संगीत दालनात खाटांच्या रांगा. हिंदू, मुसलमान, शीख यांच्यासाठी मिळून नऊ स्वयंपाकघरं, पाण्याचे नळ वेगळे, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. राजाने आपला महाल शिपायांसाठी रिकामा केला, असं हिंदुस्थानात पसरवलं गेलं. खरं तर व्हिक्टोरिया राणीकडून गावाने तो १८५० मध्येच विकत घेतला होता. फोटो छापून त्यांची पोस्टकार्डं निघाली. पण शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉर उघडून वाचत होता, आणि गावात मोकळं फिरण्यावर हळूहळू बंधनं येत गेली. बाबा स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पेशंटला डांबून ठेवलं की जखम लवकर भरत नाही."

जे बरे झाले नाहीत, त्यांच्यासाठी दुपारी आम्ही ब्रायटनच्या कडेच्या पॅचमला गेलो.

बसमधून उतरल्यावर पुढे गाडीरस्ता नाही. वस्ती संपते, मोठा हमरस्ता मागे पडतो आणि कुरणातून चढण लागते. वारा, मेंढ्या, पायाखाली पांढरा खडू. "चालवेल ना बाबा?" मी दोनदा विचारलं. ते माझ्यापुढेच होते.

आणि एका वळणावर ती दिसते. पांढऱ्या संगमरवराची छत्री, आठ खांब, वर घुमट. राजस्थानात किंवा आपल्याकडे नदीकाठी असती तर नवल वाटलं नसतं. इंग्लंडच्या हिरव्या उतारावर मात्र बघता क्षणी गलबलून आलं. ब्रायटनच्या इस्पितळांत मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना इथे उघड्या आभाळाखाली अग्नी दिला. रक्षा खाली समुद्रात सोडली. मुसलमान शिपायांचं दफन वोकिंगला झालं. पुढे १ फेब्रुवारी १९२१ ला युवराजाच्या हस्ते या छत्रीचं अनावरण झालं. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुविशारदाचा. छत्रीच्या पायथ्याशी ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या लाद्या आहेत. त्यांच्याखाली दहनाचे ओटे.

बाबांनी पायऱ्यांखाली बूट काढले, मीही काढले. लाद्यांकडे बघत ते म्हणाले, "पावसात कसं केलं असेल गं? ओलं लाकूड पेट घेत नाही." त्यांनी गावात आयुष्यभर खांदे दिलेत, त्यांना पहिला प्रश्न हाच पडला.

२०१० मध्ये छत्रीजवळ एक दगडी स्मारक उभं राहिलं. त्यावर त्रेपन्नही नावं कोरली आहेत. सुभेदार मंता सिंग हे नाव मी शोधत होते. १५ व्या लुधियाना शीख पलटणीतला हा माणूस. फ्रान्समधल्या नव शापेलच्या लढाईत आपल्या जखमी इंग्रज कॅप्टनला त्याने हातगाडीवर घालून बाहेर काढलं. स्वतःही जखमी झाला आणि गँगरीन होऊन ब्रायटनमध्ये गेला.

बाबा एकेक नाव अक्षर लावून वाचत होते. आमच्या गावात चावडीच्या भिंतीवर संगमरवराची एक पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या युद्धात गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत, एवढे दोन आकडे. सातारा भागात अशा पाट्या गावोगावी दिसतात. नाव एकाचंही नाही. "आपल्याकडे हे राहिलं," बाबा म्हणाले आणि पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला लागले.

परतीच्या गाडीला अजून वेळ होता. संध्याकाळी किनाऱ्यावर पँट दुमडून, गोट्यांवरून सावकाश तोल सांभाळत ते पाण्यापर्यंत गेले. ओंजळभर पाणी उचललं, डोळ्यांना लावलं आणि परत सोडून दिलं. पाणी फार गार होतं.