धर्म कुणी बदलला?

मी कॅथलिक, नवरा मुसलमान. हे कळलं की माणसं क्षणभर गप्प होतात आणि मग हमखास विचारतात, "मग धर्म कुणी बदलला?" कुणीच नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "असं चालतं?" हल्ली हे विचारणारी बहुतेक लग्न ठरवलेली मुलंमुली असतात, कधी त्यांच्या आया. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

चालतं, पण आपोआप नाही. चर्चच्या कायद्यात, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉच्या १०८६ व्या कलमानुसार, कॅथलिक व्यक्तीचं बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, न झालेल्या माणसाशी लग्न मुळात अवैध आहे. बिशपांकडून सूट मिळाली तरच ते वैध. कितीतरी जणांना वाटतं, आपले फादर प्रेमळ आहेत, सांभाळून घेतील. ते फादरांच्या हातात नसतं, ते फक्त अर्ज वर पाठवतात. म्हणून तारीख धरण्याआधी काही महिने त्यांना भेटा.

सूट मिळाल्यावरही एक गोष्ट उरली आणि ती मला फार लागली. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असेल तरच लग्न साक्रामेंत, म्हणजे चर्चचा पवित्र संस्कार, ठरतं. आमचं लग्न चर्चच्या दृष्टीने खरं, आयुष्यभराचं, पण साक्रामेंत नव्हे. हे ऐकल्यावर आई काही बोलली नाही. रोझरी, म्हणजे जपमाळ, घेऊन आतल्या खोलीत गेली.

ही सूट मिळवण्यासाठी कॅथलिक व्यक्तीला वचन द्यावं लागतं. आपली श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा होऊन ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मला शक्य ते सगळं करीन. फादरांच्या टेबलावर तो एकच कागद होता. नवऱ्याला सही करायची नव्हती. पूर्वी दुसऱ्या बाजूकडूनही लेखी हमी घेत. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी ते थांबवलं. आता मी काय वचन देते आहे हे त्याला ठाऊक असणं पुरतं. मी सही करत होते तेव्हा तो कागदाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होता. बाहेर आल्यावर जिन्यात म्हणाला, "मी अब्बांना काय कबूल केलंय, ते तू कधी विचारलंच नाहीस."

सगळी गाठ इथे आहे. कुराणातल्या सूरह अल-माइदाच्या पाचव्या आयतीनुसार मुसलमान पुरुषाला अहले-किताब, म्हणजे ख्रिस्ती किंवा यहुदी, स्त्रीशी लग्न करता येतं आणि तिने धर्म बदलण्याची गरज नसते. पण मुलं वडिलांच्या धर्माची, हे तिथे गृहीतच असतं. म्हणजे दोन प्रामाणिक माणसं एकाच बाळाबद्दल दोन वचनं देऊन बसतात. फादरांनी मला समजावलं होतं की वचन प्रयत्नांचं आहे, निकालाचं नाही, आणि त्यापायी घर मोडावं असं चर्च म्हणत नाही. ते खरं आहे. तरी मनात एक ठेवून कागदावर दुसरं लिहू नका. आम्ही त्या जिन्यातल्या वाक्यानंतर चार महिने लग्न पुढे ढकललं आणि फक्त याच विषयावर बोललो. भांडलोही. मुलीचा जन्म झाला तेव्हा तिच्या कानात अजान दिली गेली आणि दोन महिन्यांनी तिचा बाप्तिस्मा झाला. दोन्ही वेळी दोन्हीकडचे आजी-आजोबा हजर होते. सगळ्यांना हे पटलं असं मी म्हणणार नाही.

सकाळी चर्चमध्ये लग्न आणि संध्याकाळी निकाह, असं गुपचूप करणारे बरेच असतात. चर्चच्या कायद्याला ते मंजूर नाही. संमती एकदाच द्यायची, दुसऱ्या विधीत ती पुन्हा द्यायची किंवा घ्यायची नाही. आम्ही हे इमामसाहेबांना मोकळेपणाने सांगितलं. त्यांनी विचार करून तोडगा काढला. चर्चमधली कबुली ऐकायला दोन मुसलमान साक्षीदार हजर राहतील, माझे वडील माझे वली, म्हणजे वधूच्या बाजूचे पालक, असतील, मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, आधी लिहून ठेवायचा, आणि संध्याकाळी घरी नुसती दुआ, म्हणजे प्रार्थना. सगळेच इमाम हे मान्य करतील असं नाही. पण विचारायला काय हरकत आहे?

एका बाबतीत मात्र मी कडक बोलते. "नुसतं कलम्याच्या कागदावर सही कर, फॉर्मॅलिटी आहे," असं कुणी म्हणालं तर करू नका. कलमा, म्हणजेच शहादा, ही इस्लामवरच्या श्रद्धेची कबुली असते. व्हॅटिकनच्या २००४ च्या एका दस्तऐवजात कॅथलिकांना नेमकी हीच सूचना आहे, की वकिलातीत लग्नाची नोंद करताना शहादा असलेल्या कागदावर सही करू नये. मला कारण त्याहून साधं वाटतं. कलमा ही कुणाच्या तरी जिवाची श्रद्धा आहे. ती मनात नसताना उच्चारणं हा माझ्या नवऱ्याच्या धर्माचाही अपमान. शिवाय काही देशांत तो कागद मागे घ्यायची वाटच नसते, आणि मुलांचा ताबा, वारसा त्यावर ठरतो.

मुलगी मुसलमान आणि मुलगा कॅथलिक असेल तर वाट फार अवघड. परंपरागत शरियतमध्ये तिला अशी मोकळीक नाही. मोरोक्कोच्या कायद्यात अशा लग्नाला बंदी आहे. ट्युनिशियाने १९७३ पासूनची बंदी २०१७ मध्ये उठवली. मलेशियात मुसलमानाशी लग्न करायचं तर प्रत्यक्षात जोडीदाराला इस्लाम स्वीकारावाच लागतो, मग तो मुलगा असो वा मुलगी. लेबननमध्ये नोंदणी विवाहच नाही, म्हणून जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात आणि घरी त्याची नोंद करतात. इटलीत परदेशी माणसाला आपल्या देशाचा 'हरकत नाही' असा दाखला आणावा लागतो, आणि नवरदेवाने धर्म बदलल्याशिवाय काही वकिलाती मुसलमान मुलीला तो देत नाहीत. भारतात १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, धर्म विचारत नाही, पण तीस दिवसांची जाहीर नोटीस लागते. घरच्यांचा विरोध असलेल्या मुलीला ते तीस दिवस कसे जातात, ते मी जवळून पाहिलंय.

आणि जे कुणीच विचारत नाही ते वारशाचं. परंपरागत शरियतमध्ये मुसलमान आणि बिगरमुसलमान एकमेकांचे वारस होत नाहीत. नवरा गेला तर मी वारस नाही, माझ्या मागे तोही नाही. नोंदणी कुठल्या कायद्याखाली झाली आणि तुम्ही कुठल्या देशात राहता, यावर पुष्कळ अवलंबून असतं. कामासाठी आम्हाला कुठे जावं लागेल याचा नेम नव्हता. पण वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत मृत्युपत्राने देता येतं, हे अब्बांनीच आम्हाला सांगितलं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मृत्युपत्रं झाली. वकिलांनी साक्षीदार विचारला तेव्हा अब्बांनी खिशातून चष्मा काढला, दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "सही कुठे करायची?"