तुम्ही विचारलंत म्हणून: शिकत असताना तयारी नक्की कशाची करायची?

"ताई, तुम्ही कॉलेजात असताना करिअरची तयारी कशी केली?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, कधी भाचीच्या मैत्रिणीकडून, कधी एकदम अनोळखी मुलाकडून, आणि त्याच्या मागोमाग हमखास दुसरा, "मग मी कोणता कोर्स करू?" मी डेटा ॲनालिस्ट आहे आणि शिकले मात्र वनस्पतिशास्त्र, त्यामुळे लोकांना वाटतं हिने मधे काहीतरी जबरदस्त प्लॅनिंग केलं असणार. कसलं काय. प्लॅनिंग करून जे केलं ते बहुतेक वाया गेलं आणि जे कामाला आलं ते एका सीनियरच्या प्रोजेक्टमधे लुडबुड केल्यामुळे आलं.

आधी वाया गेलेलं सांगते. दुसऱ्या वर्षी मी सर्टिफिकेटं जमवायला लागले, एकूण अकरा झाली. व्हिडिओ दीडपट स्पीडने बघायचे, शेवटी दहा प्रश्न, चुकले तर परत द्यायचे, मग पीडीएफ. ती पीडीएफ डाउनलोड करताना इतकं बरं वाटायचं ना, की चला आजचा दिवस सार्थकी लागला. एका क्लासने तर "इंटरव्ह्यूची हमी" म्हणून वेगळे पैसे घेतले होते, आणि हमी म्हणजे काय तर दर आठवड्याला एक ईमेल, त्यात नोकरीच्या जाहिरातींच्या लिंका, ज्या मला तशाही दिसतच होत्या. कोर्स वाईट असतात असं नाही हां, पण त्यात चुकलं तर कुणाचंच काही अडत नाही आणि माझ्या मते तिथेच गोची आहे.

आता ती सीनियर. तिचा रोपांच्या वाढीवर प्रोजेक्ट होता, सगळी मापं कागदावर, 38 शीट्स, काहींवर पाण्याचे डाग, आणि तिला कुणीतरी टाइप करून देणारं हवं होतं. मी म्हटलं देते. प्रत्येक रोपाला नंबर होता, म्हणजे पाचव्या ट्रेमधलं दुसरं रोप 5-2. दोन रात्री बसून मी सगळं एक्सेलमधे भरलं, अगदी मन लावून, आणि तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हे 5 फेब्रुवारी काय आहे?" बघते तर 5-2 ची 5 फेब्रुवारी झालेली. 5-40 चा तर मे 1940! एक्सेलला वाटलं मी तारखा टाकतेय. मी शहाणपणा करून कॉलमचा फॉरमॅट बदलला तर 5-2 च्या जागी 42405 आलं, कारण एक्सेल तारीख साठवतं ती 1900 सालापासून मोजलेल्या दिवसांचा आकडा म्हणून, आपण टाइप केलेलं 5-2 तिथे उरतच नाही. (हे 2016 मधलं, आज केलंत तर आकडा वेगळा येईल.)

मग काय, कागद परत घेतले, कॉलम आधी टेक्स्ट केला आणि पहिल्यापासून भरलं. आणि तेव्हा कळलं की मला दिसायला पाहिजे होतं, कारण टेक्स्ट सेलमधे डावीकडे चिकटतं आणि तारीख उजवीकडे, म्हणजे एंटर मारल्या मारल्या प्रत्येक नंबर टुणकन उजवीकडे उडी मारत होता आणि मी दोन रात्री ते बघत होते. आजही कुणाची फाइल उघडली की माझी नजर आधी कॉलमच्या कडेवर जाते.

ही फक्त माझी बावळटगिरी नव्हती, हे पुढे 2020 मधे कळलं. मार्च1, सेप्ट1 अशी नावं असलेल्या मानवी जनुकांची एक्सेल तारीख करतं म्हणून शास्त्रज्ञ इतके वैतागले होते की नावं ठरवणाऱ्या समितीने वर्षभरात 27 जनुकांची नावंच बदलली. तेव्हा एक्सेल नाही बदललं, जनुकांची नावं बदलली! वाचून इतकं बरं वाटलं मला.

तर इंटरव्ह्यू. समोरच्या बाईंनी अकरा सर्टिफिकेटांचं पान उलटलं, न थांबता, आणि एका ओळीवर बोट ठेवलं, "38 शीट्सची डेटा एंट्री आणि तपासणी". म्हणाल्या, "तपासणी म्हणजे काय केलंत?" मी सुरू झाले ते वीस मिनिटं. काय बिघडवलं, कसं कळलं, दुसऱ्यांदा भरल्यावर दर दहावी ओळ कागदाशी कशी ताडली. त्या हसत होत्या, मला वाटलं संपलं आपलं, पण त्यांच्याकडे पार्ट नंबरांचं हेच झालेलं होतं.

ती ओळ सीव्हीत आली ती वहीमुळे. मला सवय होती, रात्री तारीख टाकून दोन ओळी, आज काय केलं आणि काय फसलं. डायरी वगैरे नाही, अगदी हिशेबासारखं. वर्षभराने आठवायला बसलं की "प्रोजेक्टमधे मदत केली" एवढंच आठवतं, 38 हा आकडा आठवत नाही. आणि पार्टटाइम काउंटरवर उभं राहणारी मुलं मला सांगतात की आम्हाला असलं काही करायला वेळच नाही, अरे पण रोज रात्री गल्ला जुळवता ना, नाही जुळला की शोधता ना, तेच लिहा की! ते सीव्हीतून का गाळता, मला खरंच कळत नाही.

ओळखीबद्दलही विचारतात, "आमची कुणाशी ओळख नाही". माझीही नव्हती, जागा आहे हे सांगणारा माणूस त्या सीनियरच्या ओळखीचा, मी त्याला जेमतेम दोनदा भेटलेले. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 मधे हेच मांडलं होतं, त्यांच्या पाहणीत ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी फक्त 16.7 टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी आठवड्यातून निदान दोनदा भेट होत होती, बाकीच्यांची क्वचित किंवा अधूनमधून. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं, एवढं साधं आहे. पण त्या माणसाने माझं नाव घेतलं ते मी गोड बोलले म्हणून नाही, त्याने ती दुसऱ्यांदा भरलेली फाइल पाहिली होती.

परीक्षेतल्या मार्कांचं विचाराल तर पहिल्या चाळणीत लागतात, सोडू नका. फुकट इंटर्नशिप असेल तर आधी शेवटची तारीख आणि तुमचं काम नक्की कुठलं हे लेखी मागा, दोन्ही मिळत नसेल तर मी तरी जाणार नाही. आणि कुठला कोर्स हे मला अजूनही सांगता येत नाही, त्यापेक्षा आसपास कुणाचं काम अडलंय ते बघा आणि त्यातला एक छोटा तुकडा मागून घ्या.

परवा एका मुलीने असाच तुकडा घेतला आणि फाइल बघायला पाठवली, खूप मेहनतीने केलेली, रंगबिरंगी हेडिंगं वगैरे. मी उघडली, पहिल्या कॉलमकडे बघितलं. सगळं उजवीकडे चिकटलेलं. तिला फोन लावला आणि आधी एवढंच विचारलं, "मूळ कागद आहेत ना गं अजून?"