तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रबमधला बदल लागू का होत नाही?

“ग्रबच्या सेटिंगमध्ये बदल करून संगणक पुन्हा सुरू केला, तरी मेनू जुनाच दिसतो, असे का?” लिनक्स वापरणारे अनेकजण मला हा प्रश्न विचारतात. ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना मेनू दाखवून निवडलेली सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम. बहुतेकांनी ‘ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल अगदी बिनचूक बदललेली असते, पण संगणक सुरू होताना ग्रब ती वाचतच नाही. तो वाचतो ती ‘ग्रब डॉट सीएफजी’, आणि उबुंटूत ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिल्यावर पहिल्या फाइलीवरून दुसरी नव्याने तयार होते. थेट दुसरीच फाइल बदलण्याचा मोह टाळावा. पुढचा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला की ती पुन्हा लिहिली जाते, आणि तशी सूचना तिच्या डोक्यावरच छापलेली असते.

आज्ञा देऊनही फरक पडत नसेल, तर मेनू दाखवणारा ग्रब नेमका कोणाचा, हे आधी पाहावे. मेनूवर असताना ‘सी’ दाबून ‘सेट’ असे टाइप केले की ‘प्रीफिक्स’ या नावापुढे तो ग्रब कोणत्या डिस्कवरच्या कोणत्या पार्टिशनमधून वाचतो आहे, ते दिसते. माझ्या मते इतके थेट उत्तर दुसऱ्या कोणत्याही उपायाने मिळत नाही. एकाच डिस्कवर उबुंटू आणि लिनक्स मिंट शेजारी असतील, तर हा घोळ हमखास होतो, कारण ईएफआय पार्टिशनमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या फाइली ठेवण्याच्या डिस्कवरच्या भागात) मिंटसुद्धा ‘उबुंटू’ याच नावाचा फोल्डर वापरते. त्या फोल्डरातली छोटीशी फाइल खरी ‘ग्रब डॉट सीएफजी’ कुठे आहे एवढेच सांगते, आणि ज्या सिस्टिमने शेवटी ग्रब बसवला तिच्याकडेच ती बोट दाखवते. अशा वेळी उबुंटूत कितीही वेळा अपडेट-ग्रब चालवले तरी मेनू मिंटचाच राहतो. एक तर मिंटमध्ये जाऊन बदल करावा, नाही तर उबुंटूतून ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवून ताबा परत घ्यावा.

बदल कर्नलच्या पॅरामीटरचा, म्हणजे सुरू होताना त्याला दिल्या जाणाऱ्या सूचनांचा असेल, तर मेनूकडे न पाहता ‘प्रॉक/सीएमडीलाइन’ वाचावी. कर्नलला प्रत्यक्षात काय मिळाले, ते तिथे कळते. आणि मेनूच्या प्रतीक्षेची वेळ शून्य ठेवूनही उबुंटू तीस सेकंद थांबत असेल, तर आधीचे बूट (संगणक सुरू होण्याची प्रक्रिया) अर्धवट राहिल्याची नोंद ग्रबने ठेवलेली असण्याची शक्यता आहे. त्या स्थितीतील वेळ ‘ग्रब रेकॉर्डफेल टाइमआउट’ या वेगळ्या सेटिंगवरून ठरते.